तुळशीच्या लग्नाला पेटी उघडली की ब्रशना वास: दरवर्षीचा त्रास आणि त्याचं मूळ

आषाढी एकादशीच्या आधीचं शेवटचं लग्न उरकलं की मी मेकअपचे सगळे ब्रश धुऊन, वाळवून पेटीत भरायचे. श्रावणात मंगळागौरीचे दोन-तीन मेकअप, गौरींच्या दिवसांत एखाददुसरा, तेवढ्यासाठी चार ब्रश बाहेर असायचे. बाकीचे थेट तुळशीच्या लग्नापर्यंत आत. कार्तिकात पेटी उघडली की झाकण वर होताच वास यायचा. बंद घराचा येतो तसा, कुबट. दोन-तीन ब्रशच्या दांड्या केसांखालच्या धातूच्या नळीत लुकलुक हलत असायच्या. पावडरचा मोठा ब्रश पहिल्याच नवरीच्या गालावर चार केस सोडायचा. मग पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा, दोन फेका, दोन विकत आणा. पुढच्या वर्षी परत तेच.

माझं सासर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. जूनपासून चार महिने इथे मीठ बरणीत पाणी सोडतं आणि उंबऱ्यातल्या चपलेवर बुरशी चढते. त्यामुळे "कोकणातला पाऊस, दुसरं काय होणार" असं म्हणून मी चार वर्षं काढली. पाऊस होताच, पण खरं कारण माझ्या धुण्याच्या आणि वाळवण्याच्या पद्धतीत होतं. ते सापडलं तेव्हापासून वर्षाला एखादाच ब्रश जातो. ज्यांच्या ब्रशना वास येतो, केस गळतात, दांडी हलते किंवा धुतल्यावर केस उलट कडक होतात, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी काय काय करून पाहिलं

पहिल्या वर्षी शॅम्पू बदलला. दुसऱ्या वर्षी धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक द्रव घातला, तो पाण्यात पडला की दुधासारखा पांढरा होतो ना, तोच. कुबट वासावर दवाखान्याचा वास चढला आणि ब्रश लावल्यावर एका मुलीची हनुवटी चुरचुरली. चेहऱ्याच्या ब्रशला तो द्रव पुन्हा लावला नाही. मग टाल्कम पावडर भुरभुरून पेटी बंद केली. पावडरीने वास थोडा झाकला, ओल होती तिथेच राहिली.

सगळ्यात मोठी चूक उष्णतेची. आजेसासूबाई पावसाळ्यात बाळाची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवत, हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं. मीही एकदा तशीच टोपली घातली आणि तिच्यावर ब्रश पसरले. तासाभरात केस कोरडे झाले. पण नायलॉनचे दोन ब्रश टोकाकडे वाकले ते कायमचे, आणि महिनाभरात तीन ब्रशच्या नळ्या सैल झाल्या. कृत्रिम केस उष्णतेने आकार सोडतात आणि आतला गोंदही मऊ पडतो. सुती दुपट्याला जे मानवतं ते ब्रशला मानवत नाही. हेअर ड्रायरच्या गरम झोताचंही हेच. वापरायचाच असेल तर थंड हवेवर, आणि झोत दांडीकडून केसांच्या टोकाकडे.

सुतारकाकांनी दाखवलेली गोष्ट

दांडी सुटलेला एक ब्रश मी घराच्या दाराचं काम करायला आलेल्या सुतारकाकांना दाखवला. चिकटवून देतील एवढीच अपेक्षा. त्यांनी दांडी ओढून काढली, तिचं नळीतलं टोक अंगठ्याने दाबलं आणि म्हणाले, "वहिनी, हे टोक कुजलंय. वरून रंग आहे, इथे काहीच नाही. लाकूड अंगाने पाणी पीत नाही तेवढं टोकाने पितं."

ते टोक काळं पडलं होतं, नखाने खरवडलं तर भुगा निघत होता. मग मी पक्कड घेऊन रिकामी नळीच चिरली. आत केसांच्या बुडाशी गोंदाचा पिवळट गोळा, त्याच्याभोवती करड्या रंगाची बुरशी, आणि ब्रश धुऊन महिना झाला असूनही हाताला गारवा लागत होता.

मेकअप ब्रशची बांधणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. केसांची जुडी धातूच्या नळीत बसवतात. या नळीला फेरूल म्हणतात, ती बहुधा ॲल्युमिनियमची किंवा मुलामा दिलेल्या पितळेची असते. जुडीच्या बुडाशी गोंद ओततात. नळीच्या दुसऱ्या तोंडातून लाकडी दांडी घालतात, तिथेही गोंद लावतात आणि नळी दाबून घट्ट करतात. दांडीच्या अंगावर रंग असतो, पण नळीत बसलेलं तिचं टोक बरेचदा उघडंच असतं. केसांची दाट जुडी ही समईच्या वातीसारखी आहे. वात तेल वर ओढते तशी जुडी पाणी नळीत ओढून घेते. त्यात आपण ब्रश धुऊन पेल्यात उभा ठेवला, केस वर आणि दांडी खाली, की वजनानेही पाणी आत उतरतं. बाहेरचे केस संध्याकाळपर्यंत कोरडे होतात. नळीतलं पाणी धातूच्या भिंतींमध्ये कोंडलेलं असतं, त्याला निघायला वाटच नसते. लाकूड फुगतं आणि नळी ताणतं. पुढे कधीतरी सुकून आक्रसतं आणि सैल पडतं. ओल, अंधार आणि त्वचेचं तेल एवढं मिळाल्यावर बुरशीला आणखी काही लागत नाही.

म्हणजे माझा वास, गळणारे केस आणि हलणारी दांडी ही तीन दुखणी नव्हतीच, एकाच ओलीची ती तीन रूपं होती. मी दरवर्षी "नीट धुऊन, वाळवून" ठेवत होते, पण वाळवत होते फक्त केस. आतली ओल तशीच पेटीत बंद होत होती.

वास कसला आहे ते आधी ठरवा

वासाला नेमका शब्द सापडला की अर्धं निदान झालं. मराठीत वासांना शब्दांची कमतरता नाही, त्याचा उपयोग करून घ्या. ब्रशचे केस बोटांनी फाकवा आणि अगदी बुडाशी हुंगा, कारण टोकाला फक्त शॅम्पूचा वास येतो.

कुबट म्हणजे ओल आणि बुरशी. केस फाकवल्यावर बुडाशी काळे-हिरवे ठिपके दिसले तर तो ब्रश चेहऱ्यासाठी संपला. कितीही महाग असला तरी. बुरशी गोंदाच्या फटीत गेलेली असते, तिथे शॅम्पूही पोचत नाही आणि स्पिरिटही नाही. मी असे ब्रश शिलाई मशीनमधली धूळ झाडायला ठेवते. ठिपके नाहीत, नुसता वास आहे, तर पुढे सांगितलंय तसा एकदा धुऊन पूर्ण वाळवा आणि आठवड्याने पुन्हा हुंगा. तरीही वास असेल तर काढून टाका.

खवट वास वेगळा. जुन्या खोबऱ्याला, फराळाच्या उरलेल्या चकलीला येतो तो. हे क्रीमचं आणि चेहऱ्याचं तेल, बुडाशी साठून बिघडलेलं. फाउंडेशन आणि कन्सीलरच्या (डाग झाकायच्या क्रीमच्या) ब्रशला हमखास येतो. हा ब्रश वाचतो. त्याला आधी तेलाने आणि मग शॅम्पूने धुवावं लागतं, नुसत्या शॅम्पूने तो वास जात नाही.

ओला असताना शेळीच्या गोठ्यासारखा वास येत असेल तर घाबरू नका. ब्रश खरोखरच शेळीच्या केसांचा असेल. पावडर आणि ब्लशचे मऊ नैसर्गिक ब्रश बरेचदा शेळीच्या केसांचे असतात, भिजले की ओल्या लोकरीसारखा वास देतात आणि वाळले की वास जातो. वाळल्यावरही राहिला तरच शंका घ्या.

आणि औषधासारखा, नाकात चढणारा वास म्हणजे धुण्याचा द्रव नीट निघालेला नाही. पुन्हा साध्या पाण्याने खळबळा.

धुण्याची पद्धत, मी आता करते ती

पाणी कोमट घ्या, गरम नको. ब्रश सदैव तोंड खाली. केसांचा टोकाकडचा दोन तृतीयांश भागच भिजवायचा, नळीपर्यंत पाणी न्यायचं नाही. वाडग्यात ब्रश भिजत टाकून दुसऱ्या कामाला लागणं हे सगळ्यात घातक, आणि मी ते वर्षानुवर्षं केलं.

क्रीमच्या ब्रशला आधी तेल. लग्नाच्या मेकअपमध्ये दिवसभर टिकणारं फाउंडेशन असतं, त्यात सिलिकोन असतं आणि ते पाण्याला दाद देत नाही. मेकअप काढायचं क्लीन्झिंग ऑइल किंवा बेबी ऑइल तळहातावर चार थेंब घ्या आणि कोरडा ब्रश त्यात गोल फिरवा. कोरडा हे महत्त्वाचं, आधी पाणी लागलं तर तेल मेकअपपर्यंत पोचत नाही. रंग सुटून तळहात मातकट झाला की जुन्या सुती कापडाला पुसा. खोबरेल मी वापरत नाही. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, आणि थंडीत बुडाशी थिजलेलं तेल पुढच्या खवट वासाची सोय करून ठेवतं.

मग शॅम्पू. हरभऱ्याएवढा बेबी शॅम्पू ओल्या तळहातावर घेऊन ब्रश हलक्या हाताने फिरवा. केस फाकतील इतका दाबू नका. तळहाताला केसांची टोकं लागली पाहिजेत, नळी नाही. फेस पांढरा येईपर्यंत दोनदा, कधी तिसऱ्यांदा. भांडी घासायचं लिक्विड कृत्रिम केसांच्या क्रीम ब्रशला कधीमधी चालतं, तेल ते चांगलं कापतं. नैसर्गिक केसांना लावू नका. ते आपल्या डोक्यावरच्या केसांसारखेच प्रथिनांचे आहेत, रुक्ष होतात आणि तुटतात.

खळबळून झाल्यावर ब्रश झटकायचा नाही. झटकताना पाणी कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात केस धरून नळीकडून टोकाकडे निपटा. टॉवेल नको, त्याचे धागे केसांत अडकतात. मग बोटांनी आकार द्या.

आणि टांगा. केस खाली, दांडी वर. वाळत घालायच्या दोरीला कपड्यांच्या चिमट्याने दांडी पकडली की काम झालं. वेगळा स्टँड विकत घेण्याची गरज नाही. मी घरातच पंख्याच्या झोतात दोरी बांधली आहे. आडवे ठेवायचे असतील तर ओट्याच्या कडेला ठेवा, केस कडेबाहेर आणि दांडीखाली घडी घातलेला रुमाल, म्हणजे उतार टोकाकडे राहील. ऊन मिळालं तर कोवळं चालेल, दुपारचं नको.

आत ओल उरली आहे का, हे कसं ओळखायचं

इथेच माझी सगळी वर्षं चुकली, म्हणून जरा थांबून सांगते. केसांची टोकं कोरडी लागणं ही खूण नाही.

पहिली तपासणी गालाची. ब्रश केसांच्या बुडाशी धरून नळीलगतचा भाग गालाला दहा सेकंद टेकवा. आत ओल असेल तर गार लागतं, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. कोरडा ब्रश लगेच आपल्या अंगाच्या उबेला येतो. थोड्या सवयीने हे फार नेमकं कळतं.

दुसरी, खात्रीची तपासणी वजनाची. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मी ऑनलाइन मागवला. नवा कोरडा ब्रश आला की त्याचं वजन करून दांडीवर चिकटपट्टी लावून लिहिते. माझा पावडरचा मोठा ब्रश कोरडा 31.4 ग्रॅम भरतो. जुलैत धुतला, दुसऱ्या सकाळी केस अगदी फुलासारखे हलके झाले होते, वजन मात्र 32.3. जवळपास एक ग्रॅम पाणी नळीत बसलेलं. पूर्वीची मी त्याच सकाळी तो पेटीत भरला असता. तिसऱ्या दिवशी 31.5 वर आला. पावसाळ्यात लाकूड हवेतली थोडी ओल धरतंच, तेवढा फरक मी सोडून देते.

यावरून माझे अंदाज बसले. डोळ्यांचे बारीक ब्रश एका रात्रीत वाळतात. फाउंडेशनचा चपटा ब्रश पंख्याखाली एक दिवस घेतो. दाट काबुकी (आखूड दांडीचा, गच्च केसांचा ब्रश) आणि पावडर ब्रशला उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसात दोन ते तीन. लग्नाच्या आदल्या रात्री काबुकी धुवायचा नाही हा नियम त्यातून आला.

लातूरला होणारा उलटा त्रास

माहेर लातूर. तिथे हवा कोरडी, ब्रश पटकन वाळतात, कुबट वास नाहीच. पण तिथल्या बहिणीची तक्रार अशी की धुतल्यावर ब्रश आधीपेक्षा कडक होतात, काळ्या केसांवर राखाडी थर दिसतो आणि पावडर ठिगळासारखी बसते. ती शॅम्पू बदलून थकली होती. शॅम्पूचा दोष नव्हताच, कारण ती अंगाच्या साबणाच्या वडीने धुत होती आणि पाणी बोअरचं होतं.

ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो, ते पाणी जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळाले की चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला कडं धरतं तेच. तो साका केसांवर बसतो, वाळतो आणि कडक होतो. वर आणखी साबण लावला तर साकाच वाढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे याच जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीही ब्रशला जड असू शकतं. पाहायचं असेल तर पारदर्शक बाटलीत थोडं पाणी घेऊन साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेसाऐवजी दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या की कळलं.

उपाय सोपा आहे. वडीचा साबण बंद, शॅम्पू सुरू, कारण शॅम्पूतले घटक जड पाण्यातही फारसा साका धरत नाहीत. बसलेला थर काढायला एक वाटी पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्यात केसांची टोकं दोन मिनिटं हलवा, मग धुवा. शेवटचं खळबळणं आरओच्या शुद्ध पाण्यात. दोन वाट्या पुरतात. पण आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी साठवून त्यात ब्रश धुऊ नका. घरोघरी ते भांड्यांना, फरशीला वापरतात आणि ते योग्यच आहे, मात्र यंत्राने गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. बहिणीच्या थरात या पाण्याचाही हात होता.

रिठ्याचाही उपयोग होतो. रेशमी साड्या आणि दागिने धुवायला आपल्याकडे रिठा वापरतातच. त्याचा फेस साबणाचा नाही, त्यामुळे जड पाण्यात साका धरत नाही. दोन रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. डोळ्यांच्या ब्रशला मात्र मी रिठा लावत नाही. थोडा जरी राहिला तर डोळे झोंबतात.

कमी पाण्यात ब्रश धुवायलाही लातूरनेच शिकवलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या दिवसांत मी एका पार्लरमध्ये शिकत होते. बारा ब्रशना दोन तांबे पाणी मिळायचं. पहिल्या वाटीत सगळ्यांचा मळ सोडायचा, दुसरीत फेस, तिसरीत खळबळ, आणि स्वच्छ ब्रश आधी, मळका शेवटी. आज भरपूर पाणी असूनही मी वाहत्या नळाखाली ब्रश धरत नाही. धारेचं पाणी नळीत घुसतं, वाटीतलं आपण सांगू तिथेच लागतं.

हळद लागून लाल झालेले ब्रश

हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. हळदीच्या दुसऱ्या दिवशी नवरीच्या त्वचेवर पिवळा अंश असतोच. पांढऱ्या केसांचा ब्रश पिवळा होतो, धुवायला साबण लावला की एकदम विटकरी लाल. ब्रशचा रंग गेला किंवा काही रासायनिक झालं असं वाटून लोक तो फेकतात. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, साबणाची वडी अल्कलीयुक्त असते, इतकंच. कुंकवात हळद आणि चुना याच कारणाने लाल होतात. लिंबाचे किंवा व्हिनेगरचे थेंब घातलेल्या पाण्यात बुडवला की परत पिवळा होतो. मग शॅम्पूने धुवा आणि वाळल्यावर दोन सकाळी कोवळ्या उन्हात ठेवा, कर्क्युमिन उजेडाने फिकं पडतं. कृत्रिम पांढऱ्या केसांवर थोडी पिवळी झाक राहिली तरी कामात अडत नाही.

केस गळतात आणि दांडी हलते तेव्हा

गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. अख्खा लांबीचा असेल आणि एका टोकाला गोंदाचा कण असेल तर जुडीचा गोंद सुटतो आहे. अर्धवट लांबीचा, तुटलेला असेल तर केस रुक्ष झालाय, बहुधा स्पिरिटच्या अतिवापराने किंवा उष्णतेने. नव्या ब्रशचे पहिल्या दोन-तीन धुण्यांत काही केस जातात, ते मोजू नका. झुपका हातात आला तर त्या ब्रशवर वेळ घालवू नका.

दांडी हलणं मात्र घरी दुरुस्त होतं. ब्रश पूर्ण वाळवा. दांडी ओढून काढा. टोकावरचा जुना गोंद चाकूने आणि पॉलिश पेपरने खरवडा. टोक काळं, मऊ असेल तर दुरुस्ती टिकणार नाही. घट्ट असेल तर दोन ट्यूबचा इपॉक्सी गोंद समप्रमाणात मिसळा, टोकावर आणि बाजूंना पातळ लावा, दांडी बसवा, बाहेर आलेला लगेच पुसा आणि 24 तास हात लावू नका. टोकावर लावणं विसरू नका, सुतारकाका म्हणाले होते ते पाणी पिणारं टोक हेच. साधा पांढरा सुतारी गोंद पाण्याने सुटतो. झटपट चिकटवणारा ठिसूळ असतो, दोन धुण्यांत तडकतो. नव्या ब्रशवर मी नळी आणि दांडीच्या सांध्याला पारदर्शक नेलपॉलिशची बारीक रेघ फिरवते. वर्षभरात ती झिजते, पुन्हा लावते.

स्पिरिट, डोळे आणि दोन नवऱ्यांमधला अर्धा तास

एकाच दिवशी दोन मुहूर्त असले की मध्ये धुवायला वेळ नसतो. स्पिरिट फवारून पुढच्या चेहऱ्याला लावणं हा सगळीकडचा रिवाज. पावडरच्या ब्रशला तो चालतो, पण आधी कापडावर घासून रंग काढायचा, मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं आणि पूर्ण उडू द्यायचं. 99 टक्क्यांचं जास्त परिणामकारक असेल असं वाटतं, पण जंतूंवर काम करायला अल्कोहोलबरोबर थोडं पाणी लागतं, म्हणून 70. फवारताना जवळ निरांजन, समई किंवा तापलेला कर्लर नको. ते पेट घेतं. क्रीमच्या ब्रशला फवाऱ्याचा उपयोग नाही, क्रीमच्या थराखालचे जंतू तसेच राहतात. त्यासाठी माझ्याकडे क्रीम ब्रशचे तीन संच आहेत. त्यांतले ब्रश साधे, स्वस्त आहेत, पण प्रत्येक चेहऱ्याला धुतलेला ब्रश मिळतो, आणि या बाबतीत मी तडजोड करत नाही.

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. त्या महिन्यांत मी डोळ्यांसाठी कापसाच्या काड्या आणि एकदाच वापरून टाकायचे ब्रश वापरले, मस्कारासाठी तर नेहमीच. साथ पसरवणाऱ्या ॲडिनोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो. ज्यांचे डोळे आलेत, ओठावर पुळी आहे किंवा चेहऱ्यावर नायटा आहे, त्यांना टाकून द्यायच्या वस्तूच वापराव्यात, आणि हे त्यांच्याशी एकांतात, सन्मानाने बोलावं. घरी एकटीने वापरणाऱ्यांना एवढं कडक लागत नाही. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर 7 ते 10 दिवसांनी ब्रश धुवायला सांगते, ते पुरेसं आहे.

स्पंजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आंबूस वास आला, आत काळे ठिपके दिसले किंवा कडा फाटल्या की टाका. ओला स्पंज त्याच्या बंद प्लास्टिकच्या डबीत कधीही परत ठेवू नका.

चातुर्मासाची पेटी

आता मी ब्रश आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी धुऊन भरत नाही. मे अखेरीस, पाऊस यायच्या आत, कमी लागणारे ब्रश धुते, चार दिवस टांगते, वजन करते आणि मगच भरते. उरलेले लागतील तसे. हवाबंद डबा चालतो, पण आतलं सगळं खरोखर कोरडं असेल तरच. ओला ब्रश हवाबंद डब्यात ठेवणं म्हणजे बुरशी पाळणं. बुटांच्या खोक्यातून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांचा भरवसा नाही. नारिंगी दाण्यांचं सिलिका जेल आणून कापडी पुरचुंडीत ठेवते. ओल धरल्यावर दाणे गडद हिरवट होतात, मग जुन्या तव्यावर मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवते. तो तवा स्वयंपाकाला वापरत नाही. तांदळाची पुरचुंडी ठेवू नका, किडे होतात. नैसर्गिक केसांना लोकरीसारखी कसर लागू शकते, म्हणून प्रत्येक ब्रश कागदात वेगळा गुंडाळते. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, तो वास केसांत बसतो आणि थेट चेहऱ्यावर जातो.

श्रावण आणि भाद्रपदात एकेकदा, ऊन पडलेल्या दिवशी, डबा उघडून ब्रश दुपारभर पंख्याखाली पसरते.

गेल्या तुळशीच्या लग्नाला बावीस ब्रश बाहेर काढले. एकवीस कोरडे, बिनवासाचे. एका काबुकीला बुडाशी हलका कुबट वास होता. वही उघडून पाहिलं तर तो मंगळागौरीनंतर घाईत भरलेला, वजनाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.